मालूची वहिनी आणि माझा संशय

कुणाच्या घरी गेले की मी आधी टाचा बघायचे. घरच्यांच्या नाही, ज्याच्यासाठी गेले त्याच्या. तोंड कुणीही पाच मिनिटांत धुऊन देतं. केसांना तेल लावता येतं, झगा बदलता येतो. टाचांवरचा पंधरा दिवसांचा मळ मात्र पाहुणी दारात उभी राहिल्यावर निघत नाही. टाचांनंतर नखं, नखांनंतर कानामागची जागा आणि मग अंथरूण. अंथरुणाचा वास घ्यायला वाकावं लागतं आणि वाकायला निमित्त लागतं. मी माझी पिशवी मुद्दाम अंथरुणाशेजारी ठेवायचे आणि उचलताना वाकायचे.

पेणच्या एका संस्थेत मी गृहभेटीचं काम करत होते. ज्या घरात मतिमंद माणूस आहे, मग ते लहान मूल असो की चाळिशीची बाई, त्या घरी जायचं. तेव्हा हाच एक शब्द होता. स्वमग्न वगैरे शब्द आमच्या फायलीत फार उशिरा आले. घरच्यांना दाखवायचं की याला घास कसा उचलू द्यायचा, अंघोळीची भीती कशी घालवायची, परसाकडची सवय कशी लावायची. हे कामाचं उघड अंग. दुसरं अंग असं, की त्या माणसाला घरात नीट ठेवतात का ते बघायचं. ज्याला स्वतःचं गाऱ्हाणं सांगता येत नाही त्याच्या वतीनं संशय घ्यायचा. पहिली भेट सांगून, दुसरी न सांगता. एकच प्रश्न घरातल्या दोघांना वेगवेगळा विचारायचा. बोलता बोलता केस सारखे करायला हात वर न्यायचा आणि ते माणूस दचकतं का ते बघायचं.

पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. माझे वडील मिठागरावर काम करायचे, त्यामुळे खाडीकाठची बोली मला येत होती आणि लोक माझ्यापुढं फार वेळ शहरी बोलत नसत. डोलवीजवळच्या एका घरात मला सरबत मिळालं, पंखा लावून मिळाला, पलंगावर घातलेली नवी चादरही दाखवली गेली. मुलगा इथंच झोपतो म्हणाले. चादरीच्या घड्या मोडल्या नव्हत्या आणि मुलाच्या केसांत पेंढ्याची काडी होती. मी गोठ्यात गेले. तिथं त्याचं अंथरूण होतं. त्या प्रकरणानंतर संस्थेत माझं नाव झालं. म्हात्रेबाईंच्या नाकाला चुकवता येत नाही, असं आमचे सर म्हणायचे. सर म्हणजे संस्थेचे प्रमुख, निवृत्त हेडमास्तर. मला ते ऐकायला आवडायचं.

मालूबद्दलचं पत्र आलं ते त्यानंतर वर्षाभरात. आंतर्देशीय पत्र, खाली नाव नाही. रोह्याच्या अलीकडच्या एका गावात दत्ताराम नावाच्या माणसाची मालती ही तिशीची मतिमंद बहीण आहे, आई वारल्यापासून भावजय तिला बांधून ठेवते, लवकर येऊन घेऊन जावे. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही, माणसं अजून तिथं आहेत.

पहिल्यांदा मी कळवून गेले. नागोठण्याहून भिसे खिंडीतून रोह्याला जाणारी एस.टी. फाट्यावर सोडते. तिथून कालव्याच्या काठाकाठानं वीस मिनिटं चाल. भात निघून गेलं होतं, वाल टरारले होते. घर लहान, पडवी ताजी सारवलेली. पडवीच्या टोकाला मालू मांडी घालून पुढंमागं डुलत बसली होती. समोर पातेल्यात भिजवलेले वाल. ती बिरडं सोलत होती. एकेक दाणा चिमटीत धरून साल काढायची आणि दाणा ताटात दुसऱ्या दाण्याला चिकटवून ठेवायची. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही.

टाचा स्वच्छ. नखं कापलेली. कानामागं मळ नाही, अंथरुणाला उन्हाचा वास. मला हे आवडायला हवं होतं. मला वाटलं, हे फारच नीट आहे, माझ्यासाठी केलंय. त्यातून मालूच्या मनगटावर अर्धगोल वण दिसले, दोन जुने, एक ताजा.

भावजयीचं नाव रंजना. सडपातळ, पस्तिशीची, कमरेला पदर खोचलेला. मी मालूजवळ बसले की तीही येऊन बसायची. मी पाणी मागितलं तर तिनं मुलीला हाक मारून आणवलं, स्वतः उठली नाही.

"हे हाताला काय झालं?" मी विचारलं.

"चावते ती. मनासारखा नाय झाला का चावते."

"कुणाला?"

"आपल्यालाच चावते, बाई. दुसऱ्याला कशाला चावंल?"

उत्तर चटकन आलं. चटकन आलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नये, असं मी नव्या मुलींना शिकवत असे.

दुसऱ्यांदा न सांगता गेले, सकाळी दहाच्या सुमारास. पडवी उघडी, घरात कुणी नाही. मालू तिच्या जागी बसून बिरडं सोलत होती आणि तिच्या कमरेला जुन्या लुगड्याचा पीळ बांधलेला होता. दुसरं टोक पडवीच्या खांबाला. गाठ तिच्या पाठीमागं, तिचा हात पोचू नये अशी. मी गाठ सोडली नाही. पुरावा हलवायचा नसतो, हेही मी शिकवत असे. तिथंच बसून राहिले.

अर्ध्या तासानं रंजना डोक्यावर वालाच्या शेंगांचा भारा घेऊन आली. मला बघून थबकली. मग भारा उतरवला, हात धुतले आणि आधी मालूची गाठ सोडली.

"किती वेळ बांधतेस?" मी विचारलं.

"शेतावर जाते तेवढा येळ. ते पन कालव्याला पानी सुटलं का. नायतर मोकळीच असते."

"कालव्याचं काय?"

"पानी दिसलं का ती चालत जाते, बाई. थांबत नाय. हाक मारली तरी थांबत नाय. दोनदा काढलीय तिला मी पान्यातून. एकदा गळ्यापत्तुर गेली व्हती."

"शेजारी कुणाला बसवत का नाहीस?"

"सगल्यांचे वाल एकदमच निघतात. कोन बसंल?"

मी माझ्या वहीत लिहिलं, 'सबब तयार आहे.' ती वही अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य बघितलं की मला माझ्याच अक्षराचा राग येतो.

माझ्या पद्धतीप्रमाणं मी तोच प्रश्न मालूच्या भावाला वेगळा विचारला. दत्ताराम नागोठण्याच्या बाजूला कंपनीत कंत्राटावर होता. शिफ्टवरून आला होता, डोळे लाल होते, पण बोलणं अदबीचं. मी बोलत असताना उभा राहिला, मी बस म्हटल्यावर बसला.

"मालू कालव्यात गेली होती का कधी?"

"माझ्या तरी कानावर नाय आलं, बाई. मी शिफ्टला असतो. घरात काय चालतं ते बायामानसांना ठाऊक."

"तुम्हाला काय वाटतं, तिला इथं ठेवावं का?"

"तुमी शिकलेली मानसं. तुमी म्हनाल तसं."

दोन उत्तरं जुळली नाहीत. जुळली नाहीत की बाई खोटं बोलते, असं मी धरून चालले. खोटं बोलणारं दोघांपैकी कुणीही असू शकतं हे माझ्या मनात आलं नाही. संस्थेच्या आवारात बायकांसाठी निवासी वसतिगृह होतं, त्यात एक जागा रिकामी होती. दत्तारामनं फॉर्म स्वतःच्या हातानं भरला आणि सही केली. रंजनाची सही लागत नव्हती.

जीप घेऊन गेलो त्या दिवशी मालूला जीपमध्ये बसवायला तिघं लागले. ती स्वतःचं मनगट चावत होती. मी तिथंच उभी होते, ते माझ्या डोळ्यांपुढं घडत होतं, आणि तरीही मला वणाबद्दलचं ते चटकन आलेलं उत्तर आठवलं नाही. रंजना आतून एक गाठोडं घेऊन आली. रडत नव्हती. माझ्याकडे बघून एकेक सांगू लागली, "भात नि आमटी येगळी द्या. कालवून दिलात तर खानार नाय. अंघोलीला आधी पायावर पानी, मग हातावर, डोक्यावर एकदम नका वतू. दुपारच्याला तिला हाताला काम लागतं. बिरडं नसलं तर तांदूल द्या निवडाया. सांगाल ना त्यांना?"

मी मान हलवली. लिहून घेतलं नाही. जिच्या तावडीतून सोडवतोय तिच्याकडून काय शिकायचं, असं काहीतरी माझ्या मनात असावं.

आमच्या वसतिगृहाचा नियम होता, नातेवाइकांनी महिन्याच्या पहिल्या रविवारी यायचं, दहा ते बारा, ऑफिसशेजारच्या खोलीत. माझा रविवार सुट्टीचा, पण त्या दिवशी मी मुद्दाम गेले. दत्ताराम आला नाही. रंजना आली, दोन एस.टी. बदलून, हातात स्टीलचा डबा.

मालूला आणलं. नवा झगा, दोन घट्ट वेण्या, तोंडाला पावडर. खुर्चीवर बसवलं तशी बसली. रंजना तिच्यासमोर जमिनीवर बसली. डबा उघडला, त्यात भिजवलेले वाल होते. मालूचा हात धरून तिनं वालावर ठेवला. हात तसाच राहिला. मग तिनं मालूची चप्पल काढली आणि पाय उचलून टाच बघितली. बोटं बघितली. कानाची पाळी पुढं करून मागं बघितलं. शेवटी मालूच्या केसांत नाक खुपसलं आणि हुंगलं. मी शिकलेलं सगळं ती कुणी न शिकवता करत होती, आणि बघत होती ते माझं घर.

"बाई, हिला काय देता?"

"काय म्हणजे? दोन वेळा जेवण, सकाळी दूध..."

"खायाचं नाय इचारत. गोली कसली देता?"

"गोळी कशाला देतील?"

"मला बघून उठली नाय. रडली नाय, चावली नाय. बिरडं सोलत नाय. ही मालूच नाय." मग म्हणाली, "ती झोपते ती खोली दाखवा."

"नातेवाइकांना आत सोडत नाहीत."

"का नाय सोडत?"

नियम आहे, एवढंच मी म्हणाले.

"माझ्या घरात तुमी न सांगता आल्या व्हत्या," रंजना शांतपणे म्हणाली. "मी काय दार लावून घेतलं व्हतं?"

मला राग आला, खोटं कशाला सांगू. तिची परिस्थिती, तिचं शिक्षण, आणि ही मला विचारणार. दोन दिवस तो राग टिकला. तिसऱ्या दिवशी, बुधवारी, मी रोह्याची एस.टी. पकडायच्या ऐवजी दुपारी दोनला संस्थेत गेले. बुधवारी मी गावोगाव असते हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्या संस्थेत मी चार वर्षं काम करत होते. माझं टेबल वसतिगृहापासून पन्नास पावलांवर होतं. दुपारी त्या हॉलमध्ये मी एकदाही गेले नव्हते.

हॉलला बाहेरून कडी होती. व्हरांड्यात इंदूमावशी आणि दुसरी एक आया जेवत बसल्या होत्या. मला बघून इंदूमावशी घास हातात धरून उठल्या. मी कडी काढली.

आत बारा जणी सतरंज्यांवर ओळीनं झोपल्या होत्या. बारा माणसं एका खोलीत झोपली की कुणीतरी घोरतं, कुणी कूस बदलतं, कुणी पुटपुटतं. तिथं यातलं काही नव्हतं. अंथरुणाचा वास घ्यायला मला वाकावं लागलं नाही. मालूच्या टाचा काळ्या आणि भेगाळलेल्या होत्या. मी तिचा खांदा हलवला, तिनं डोळे उघडले आणि ते माझ्यावर न थांबता मिटले.

"सगळ्यांना देता?" मी इंदूमावशींना विचारलं.

त्यांनी लपवलं नाही. एका बाईला फिट येत असे, तिच्यासाठी डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या होत्या. तिला देऊन उरलेल्या गोळ्या दुपारी अर्धी अर्धी सगळ्यांना. "बारा जणी आणि आम्ही दोघी, बाई. सकाळी पाचपासून. एक पळते, एक कपडे काढते, एक मारते. दुपारी दोन तास निजल्या तर आम्ही दोन घास खातो." त्यांचं बोलणं ऐकताना मला रंजनाचा भारा आठवला. शेतावर जाते तेवढा वेळ. फरक एवढाच, की रंजनानं बांधलेलं मला दिसलं होतं आणि तिनं आल्याबरोबर सोडलं होतं.

सरांकडे गेले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी स्वतःचं घर गहाण ठेवल्यासारखं आयुष्य त्या संस्थेत घातलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"आपण सुधारू, म्हात्रेबाई. पण हे लेखी देऊ नका. एकदा कागदावर आलं की संस्था बंद पडेल. मग ह्या बाराजणी कुठं जातील?"

"मालू घरी जाईल, सर."

"घरी तिला बांधतात. तुम्हीच लिहिलंय." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुम्हीच आणलीत तिला."

ते खरं होतं. मी टेबलावर आले आणि लेखी अहवाल लिहायला मालूची फाईल काढली. वर दत्तारामनं भरलेला फॉर्म होता, खाली ते निनावी पत्र. दोन्ही कागद तीन आठवडे एकाच फायलीत एकमेकांवर पडून होते. दोन्हींत 'बहीण' हा शब्द 'बईन' असा लिहिला होता, आणि दोन्हींत शब्दावरची रेघ अर्ध्यावर सोडून दिली होती. मी ते कागद खिडकीशी नेऊन पुन्हा पुन्हा बघितले. ज्यानं अदबीनं उभं राहून 'तुमी म्हनाल तसं' म्हटलं होतं, त्यानंच मला बोलावलं होतं.

अहवाल मी दिला, सरांना एक आणि विश्वस्तांना एक. संस्था बंद पडली नाही. वाद झाले, मला दोन महिने कुणी चहाला विचारलं नाही, पण गोळ्यांच्या कपाटाची किल्ली डॉक्टरांनी नेमलेल्या परिचारिकेकडे गेली, आणखी दोन आया आल्या आणि बाहेरची कडी काढून टाकली. नातेवाइकांनी केव्हाही यावं, असा बोर्ड लागायला मात्र वर्ष गेलं.

मालूला मी त्याच आठवड्यात परत नेलं. गोळी कशी कमी करत आणायची याची डॉक्टरांची चिठ्ठी माझ्याकडे होती. जीप दारात थांबली तेव्हा रंजना वाल झोडपत होती. तिनं काठी खाली ठेवली, पण धावत आली नाही. "हात नका लावू, आपली उतरंल," एवढंच म्हणाली. मालू बराच वेळ बसून राहिली. मग उतरली, आमच्या कुणाकडे न बघता पडवीच्या टोकाला गेली, बसली आणि हळूहळू डुलायला लागली.

दत्ताराम घरात होता. बाहेर आला, मालूला बघितलं, मग मला. "बाई, तुमीच म्हनाला व्हता ना, घरात नीट व्हत नाय."

"ते पत्र तुम्ही लिहिलं होतं," मी म्हणाले.

तो पायरीकडे वळला. बोलली रंजना. "मला ठाऊक हाय. सही करताना ह्यांचा हात थांबला नाय तवाच समाजलं."

दत्ताराम पडवीच्या पायरीवर बसला. खाली बघत म्हणाला, "आई गेल्यापासून ही एक दिस माहेरी नाय गेली. कंबर गेली हिची. किती वर्सं करनार? हिला सांगितलं तर ऐकत नाय. म्हनून तुमाला लिवलं. तुमी सरकारी मानूस, तुमचं ऐकंल असं वाटलं."

मी सरकारी नव्हते, पण ते मी तेव्हा सांगितलं नाही. तो बायकोसाठी बोलत होता की बहिणीचा भार उतरवायला, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. नंतर मी अनेकदा त्या घरी गेले, त्याच्याकडे बारकाईनं बघत राहिले. त्यानं कालव्याच्या बाजूला बांबूचा उंच कूड कुंपणासारखा घातला आणि त्याला झावळ्यांच्या झापाचं दार केलं. त्यानंतर खांबाला लुगडं मी पुन्हा पाहिलं नाही. पण तरी त्याच्याशी बोलताना मी कधी सैल झाले नाही.

त्या दिवशी निघताना रंजना जीपपर्यंत आली. मला वाटलं, आता काहीतरी बोलेल, मला सुनावेल. मी माफी मागायची तयारी केली होती, शब्द जुळवले होते. ते तिनं ऐकले नाहीत.

"तिकडं दुसऱ्या बाया हायत ना," ती म्हणाली. "त्या रइवारी मी निघताना व्हरांड्यात एक पांढऱ्या केसांची माझा पदर धरून बसली व्हती. सोडीत नव्हती. तिला कोनी बघाया येतं का?"

"माहीत नाही," मी म्हणाले.

"नाव काय तिचं?"

मला नाव ठाऊक नव्हतं. बारापैकी चौघींची नावं मला येत होती, त्याही माझ्या भेटींतून आलेल्या म्हणून. रंजना मागं वळून वाल झोडपायला गेली.

पेणला पोचायला संध्याकाळ झाली. ड्रायव्हर मला घराकडे सोडणार होता, मी त्याला संस्थेत न्यायला सांगितलं. हॉलमध्ये जेवणं चालली होती. पांढऱ्या केसांची बाई भिंतीला टेकून ताटातल्या भातात बोट फिरवत होती. मी इंदूमावशींना तिचं नाव विचारलं.

"आम्ही म्हातारीच म्हणतो," त्या म्हणाल्या. "नाव रजिस्टरात असेल."

मी ऑफिस उघडून घेतलं, जुनं रजिस्टर काढून तिची नोंद शोधली. तिला आणणाऱ्यानं पत्ता दिला होता, त्यावर पाठवून परत आलेली दोन पत्रं रजिस्टरातच ठेवली होती. त्यानंतर कुणी काही लिहिलं नव्हतं. ती तिथं नऊ वर्षं होती.

मी परत हॉलमध्ये गेले, तिच्याशेजारी खाली बसले आणि हळूच म्हणाले, "द्वारका."

तिचं बोट भातात थांबलं आणि तिनं मान वळवून माझ्याकडे बघितलं.